चुन्याला दोन हंडे

ग्रामपंचायतीच्या भिंतीवर पुन्हा कोळशानं लिहिलेलं दिसलं, 'नळाला पाणी कधी?' आणि कुंडलिकनं कपाळाला हात लावला. पंधरा दिवसांत पाच वेळा पुसून झालं होतं, ही सहावी खेप. अकरा वर्षं पंचायतीची शिपाईगिरी करून माणसाचे गुडघे गेले, आता वर ही हमाली.

गाव स्वच्छतेच्या स्पर्धेत उतरलं होतं. निवडणुकीतली नावं, पोरांनी काढलेले बदाम, शिव्या, सगळ्यावर त्यानं एकदाच चुना फिरवला. ते लिहिणारे परत फिरकले नाहीत. ही ओळ मात्र हटायला तयार नव्हती. मासिक सभेत सरपंच हौशीरामनं ठराव केला, भिंतीवर लिहिणाऱ्याला दंड. नळाचा विषय वेळ संपली म्हणून पुढं ढकलला. मग कुंडलिकला बाजूला घेऊन म्हणाला, "शनवारी घोडेगावहून समिती येतीया. भिंत कोरी दिसली तर तुला कायम करायचा कागद त्याच दिवशी पाठवतो. न्हाई दिसली, तर दुसरा माणूस बघतो."

आज शनिवार उजाडला होता. चुना भिजवायला तो दर खेपेला घरातलेच दोन हंडे नेई. आजही घरी आला, तर हंडे पालथे पडलेले.

"पाणी न्हाई व्हय?"

"न्हाई," चुलीपुढून त्याची बायको बयाबाई म्हणाली आणि तिनं पदराला हात पुसले. पदरावर काळे फराटे उठले. कुंडलिक तिच्या बोटांकडं बघत राहिला. साक्षरता वर्गात डोकी कमी पडत होती, म्हणून त्यानंच तिला धाडली होती.

"तू लिवतीस?"

"पहाटे पाण्याला जाताना. पाचदा लिवलं, पाचदा तुमी माझंच पाणी नेऊन माझंच पुसलं. आज लिवलं आन् तशीच माघारी आले. पाय लई दुखत्यात."

"अगं, नोकरी जाईल माझी."

"मग आणा की तुमी."

राग यायला हवा होता, पण रागवायलाही अंगात बळ लागतं. त्यानं हंडे कावडीला बांधले आणि उतार धरला. विहिरीत तळाशी झरा तेवढा शिल्लक होता, बाया वाटीवाटीनं हंडे भरत होत्या. त्यानं घाई सांगितली, कुणी सरकलं नाही. "पंचायतीत असाल शिपाई," एक म्हणाली. "हितं नंबर हाय, भाऊ." तो दगडावर टेकला. बयाबाई रोज इथंच बसते, हे त्याला आजवर ठाऊक असून ठाऊक नव्हतं.

भरलेली कावड घेऊन तो चढ चढला तेव्हा त्याच्या खांद्याचं सालटं निघालं होतं. जीप आली होती, पण शाळेपुढं थांबलेली. समिती आधी शाळा बघणार, मग पंचायत. म्हणजे अर्धा तास हातात होता. भिंत एका हातात पांढरी झाली असती आणि तो कायम झाला असता. दोन वाटा फुटतात तिथं तो उभा राहिला, धापा टाकत. हंड्यांतलं पाणी हिंदकळून थोडं सांडलं.

तो घराकडं वळला.

बयाबाई दारात आली. "चुना न्हाई भिजवायचा?"

"न्हाई. चुलीवर पाणी ठेव. पाय शेकून घे आधी."

खालून हौशीराम त्याच्या नावानं हाका मारत होता. कुंडलिकनं कावड उतरवली आणि तो उंबऱ्यावर बसला.