आपल्याच पाण्यावर पाहुणी

थाळीत रुमालाचं कमळ करून ठेवलेलं, कडक इस्त्रीचं, पाकळी न् पाकळी उभी. ते मोडायचं कसं हे विलासिनीला कळेना, आणि कळत नाही म्हणून राग आला. तशी ती सकाळपासून रागावलेलीच होती. सदानंदन, तिचा पाठचा भाऊ, नऊ वर्षांनी कॅनडाहून आला होता आणि उतरला होता कुठं, तर हाउसबोटीवर. घर हाकेच्या अंतरावर. मुलींना डास चावतात म्हणे. चेची, तूच ये ना जेवायला, एवढंच थोरल्या बहिणीला फोनवर म्हणाला. आणि चेची आली, लग्नाकार्याची साडी नेसून... काथ्याच्या मागावर तीस वर्षं घासून खरखरीत झालेले हात पदराखाली घेऊन.

बोट कालव्यातून तळ्यात शिरली. सदानंदन मुलींना सांगत होता – इथं मी पोहायला शिकलो, तिथं शाळेची होडी लागायची – जणू हे सगळं पाणी त्यानं येताना सामानातून आणलं होतं. तिला मात्र दिसत होती चार वर्षांपूर्वीची, कर्कटक महिन्यातल्या पावसाची पहाट. पाणी ओसरीवर चढलेलं, अम्माचा श्वास अडकलेला, आणि शेजारचा, थोरल्या भावाच्या मानाचा पोन्नप्पन चेट्टन छातीभर पाण्यातून होडी ओढत इस्पितळाकडे निघालेला. अम्मा वाटेतच गेली. सदानंदनचा फोन तिसऱ्या दिवशी आला. रजा मिळत नाही म्हणाला. रजा! त्याला पोहायला शिकवलं ते याच चेट्टननं, पोटाखाली हात धरून...

'करिमीन वाढू, मॅडम?'

पांढरा सदरा, टोपी, मिशी काढलेली. तिनं वर पाहिलं तर पोन्नप्पन चेट्टन. तो तिच्या खांद्यावरून पलीकडे पाण्याकडे पाहत होता. पाहुण्यांशी ओळख दाखवायची नाही, असं मालकानं बजावलं असणार. काल मी याच्या घरी वाटीभर कालवण पाठवलं, आणि आज हा मला मॅडम म्हणतो... आणि मी, मी मुकाट मान हलवते!

'इथलेच का तुम्ही?' सदानंदननं विचारलं. थाळीतून मान वर न काढता.

'हो सर. जवळच राहतो.'

'सदा, तोंड वर करून बघ,' ती म्हणाली. आवाज आपला वाटेना. 'पोन्नप्पन चेट्टन आहेत हे. अम्मा यांच्या होडीत गेली.'

सदानंदन उठला. खरकट्या हातांनीच त्यानं म्हाताऱ्याचे हात धरले आणि मुलींदेखत रडायला लागला.

'बस रे पोरा,' चेट्टन हळूच म्हणाला. 'मासा निवतोय.'

झालं? इतक्यात सुटला? चार वर्षं जपून धारदार केलेलं एक वाक्य, आणि हा दोन आसवांत मोकळा... ती धुमसत होती, तेवढ्यात चेट्टननं टोपी सारखी केली आणि पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत ओळख होती आणि तिच्याखाली लाज. ही टोपी, हे सर-मॅडम त्यानं ज्या आपल्या माणसांपासून लपवलं होतं, त्यांच्यासमोरच तिनं त्याला उभं केलं होतं. भावाला मारायला हाताशी आलं ते उचललं मी... जे आलं ते माणूस होतं.

चेट्टन आत गेला. ताक दुसराच कुणी घेऊन आला. सदानंदन नाक पुसत काही विचारत होता. तिला ते ऐकू येत नव्हतं. राग तसाच होता, फक्त तो आता भावाकडे जाईना. संध्याकाळी कुंपणापलीकडे चेट्टन हातपाय धुवायला येईल. तेव्हा मी हाक मारायची की नाही... आणि मारली तर तो ओ देईल का?