एका दिवसाची नोकरी

आता सुईत दोरा ओवायचा तर नातीला हाक मारावी लागते. पण त्या वर्गातली बारा शिलाई यंत्रं मला अजून एकेक करून आठवतात. तिसऱ्याचा पट्टा सारखा निसटायचा, सातव्याचं पायडल कुरकुरायचं, आणि खिडकीजवळच्या नवव्यावर टाचणी बसायची.

अंगानं बारीक आणि बोलणं टोचरं, म्हणून बाकीच्या पोरींनी तिचं नाव टाचणी ठेवलं होतं. सरकारच्या सुधारगृहात मी तेवीस वर्षं शिवण शिकवलं, शेकडो मुली हाताखालून गेल्या. पण कॉलर अशी बसवणारी दुसरी पाहिली नाही. ती आत कशासाठी आली ते तिच्या कागदांत होतं. मी कुणाचेच कागद वाचत नसे.

"बाई, तुमची ही बाही आंधळं गिऱ्हाईकसुद्धा परत पाठवेल," ती मलाच ऐकवायची.

"जीभ कातरीपेक्षा जास्त चालते तुझी."

"कातरी तुम्ही काढून घेता. मग जीभच राहते ना माझ्याकडे."

अठरा पूर्ण व्हायला तिला दोन महिने होते. नऊ वर्षांची धाकटी बहीण बालगृहात होती. बालकल्याण समितीनं सांगितलं होतं, वाढदिवसाला हातात नोकरी असेल तर टाचणीला नोकरदार मुलींच्या वसतिगृहात खोली मिळेल आणि बहीण तिच्याकडे राहायला येईल. नोकरी नसेल तर टाचणीची रवानगी निराधार बायकांच्या गृहात. म्हणजे पुन्हा कुलपाआड, आणि बहीण होती तिथेच.

नोकऱ्या लावणारे साहेब मुलींना दोनच कामं शोधून द्यायचे, धुणं आणि भांडी. म्हणून मीच शब्द टाकला. शाळांचे गणवेश शिवणारी एक मालकीण माझ्या ओळखीची होती. तिला म्हटलं, "माझी भाची आहे. आई नाही हो पोरीला." साहेबांनी माझ्या सांगण्यावरून 'नोकरी लागली' अशी नोंद केली. चौकशीलाही गेले नाहीत.

मग पंधरा दिवस मी टाचणीला भाची व्हायला शिकवलं. कुठे शिकलीस विचारलं तर काय सांगायचं, घर कुठे म्हटलं तर काय.

"आणि मला बाई नाही, मावशी म्हणायचं."

"मावशी, तुमची ही बाही—"

"तेवढं सोडून."

पहिल्या दिवशी परवानगी काढून मीच तिला दुकानात पोचवून आले. दुसऱ्या दिवशी मालकिणीचा निरोप आला, एकट्याच या.

"काम कसं आहे तिचं?" मी दारातूनच विचारलं.

"जेवणाच्या सुट्टीआधी चौदा कॉलरी. एकही उसवावी लागली नाही."

माझा जीव भांड्यात पडला. पण तिच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं.

"सहा वाजले, बायका उठल्या. कुणी चपला शोधतंय, कुणी केस सारखे करतंय. तुमची भाची उठली. कातरी, सुया, बॉबिन, सगळं टेबलावर ओळीनं मांडलं. चपला काढून झटकल्या. आणि दोन्ही हात वर करून भिंतीकडे तोंड करून उभी राहिली."

मी समोरच्या स्टुलावर बसले. आमच्या वर्गात रोज पाच वाजता हेच व्हायचं. कातऱ्या मोजून होईपर्यंत, प्रत्येकीची झडती होईपर्यंत दार उघडत नसे. तेवीस वर्षं रोज मीच ते करून घेत होते. इतकी वर्षं, की हेही आपणच शिकवलंय, हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

"आधी सगळ्या हसल्या," मालकीण म्हणाली. "वाटलं, थट्टा करतेय. मग आमची काज करणारी म्हणाली, 'हसू नका गं. माझा नवरा दोन वर्षं आत होता. सुटून आला तेव्हा घरात असाच उभा राहायचा.'"

"ठेवून घ्या तिला. हात बघितलेत ना तिचे?"

"हाताला नाव ठेवत नाही. पण माझं गिऱ्हाईक म्हणजे शाळा. उद्या एखाद्या आईबापाच्या कानावर गेलं तर? आणि तुम्ही माझ्याशी खोटं बोललात."

"खरं सांगितलं असतं तर घेतली असती?"

"नसती," ती म्हणाली, आणि माझ्यासाठी चहा मागवला.

टाचणी रडली नाही. "मला कळत होतं बाई, हे दुकान आहे," एवढंच म्हणाली. "पण कुणी 'जा' म्हणालंच नाही."

मी साहेबांकडे गेले. त्यांनी वही उघडून दाखवली. "हिची नोंद वर गेली, बाई. एका मुलीला एकदाच नोकरी."

"एकच दिवस टिकली हो ती."

"टिकण्याचा रकाना नाही यात."

उरलेल्या दीड महिन्यात मी अकरा दुकानं पालथी घातली. या वेळी सगळीकडे खरं सांगितलं. चहा सगळ्यांनी दिला.

वाढदिवसाच्या आदल्या दिवशी परवानगी काढून आम्ही बालगृहात गेलो. धाकटीनं कपड्यांची पिशवी कधीचीच भरून ठेवली होती. टाचणीनं ती कॉटवर रिकामी केली आणि एकेक फ्रॉक परत फळीवर लावला. एकाचा खिसा सुटला होता, तो तिथेच बसून शिवून दिला.

"ताई, नोकरी गेली का?"

"हो."

"मग दुसरी कधी?"

टाचणीनं दोरा दातानं तोडला आणि मान वर केलीच नाही. धाकटी माझ्याकडे बघू लागली. तिथे मोठं माणूस मीच होते.

"पिशवी रिकामी झालीय, घडी करून ठेव बाळ," एवढंच मला सुचलं.

तिनं शहाण्या मुलीसारखी घडी घातली.