कमरेतला जोड

कल्पना कर बाळा, भिंतीवरच्या उजेडाच्या पेटीवर एक काळी फिल्म लावली आहे आणि तिच्यात अक्रोडाच्या गरासारखं काहीतरी राखाडी दिसतंय — घड्याघड्यांचं, मधे काळ्या फटी असलेलं... आणि कुणीतरी सांगतंय की हा तुझ्या बाबांचा मेंदू.

ती मुलगी तसंच बघत होती. इतकासा? लिफ्टच्या सगळ्या तारा ओळखणारे, तिला बीजगणित शिकवणारे बाबा एवढ्याशा गरात राहतात? आणि परवा... परवा त्याच तारांसमोर, कोणती कशाची तेच आठवेना म्हणून, ते हातात पक्कड धरून नुसते उभे राहिले, तेव्हा ते यातल्या कुठल्या फटीत हरवले होते?

"पोटावर जाऊ नका डॉक्टर," बाबा म्हणाले, "ते माझ्या आधी दारातून आत येतं, पण डोकं जागेवर आहे."

डॉक्टरबाई हसल्या नाहीत. "वय शेहेचाळीस, पण हा मेंदू पंचावन्नच्या माणसाचा वाटतो. थोडा आक्रसलाय. वाढलेलं वजन, त्याच्याबरोबर रक्तदाब, साखर — मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्यांना हे सगळं वर्षानुवर्षं सोसावं लागतं. प्रत्येकाचं असं होत नाही. तुमचं होतंय. आत्ता मनावर घेतलंत, तर पुढचं बरंच थांबवता येईल."

मुलीने फिल्मवरून नजर काढून बाबांच्या पोटाकडे पाहिलं. पोट म्हणजे पोट, डोकं म्हणजे डोकं — मधे एवढी छाती, गळा... पोटातलं वर पोचतंच कसं?

"काहीतरी चुकतंय," बाबा म्हणाले. "वजनाचा काटा काय, बिघडतो. ही पँट बघा, किती वर्षं हीच घालतोय. जाड झालो असतो तर कमरेत बसली असती का?"

शेजारी बसलेल्या आईने मान खाली घातली. आई शिवणकाम करायची. बाबांना वाईट वाटू नये म्हणून ती पँट अधूनमधून कमरेत कापडाचा तुकडा जोडून गुपचूप ढिली केली जायची, आणि टाके उसवायचं काम... मी करायचे, मीच, जीभ दातांत धरून, आणि बाबांना कळत कसं नाही म्हणून आम्ही दोघी तोंड दाबून हसायचो — तेव्हाही आत हे चाललं होतं?

आईचा हात मुलीच्या गुडघ्यावर आला. दाबला गेला. म्हणजे गप्प.

बाबा मात्र अजून हसत होते, खटला जिंकल्यासारखे. त्या हसण्याची तिला आयुष्यात पहिल्यांदा भीती वाटली.

ती उठली. बाबांचं जाडजूड बोट धरून तिने ते कमरेत, आतल्या बाजूच्या जोडलेल्या कापडावर नेऊन ठेवलं.