दुसऱ्या गाडीचा क्रँक

दातांच्या डॉक्टरांची जुनी गाडी माझ्या गॅरेजात चौदा महिने उघडी पडून होती. पिस्टन बनवून घेतले, बेअरिंगं दुसऱ्या गाडीची घासून बसवली. घोडं अडलं ते क्रँकपाशी. इंजिनाच्या पोटातला हा वळणावळणाचा दांडा. आमच्याला केसाएवढी चीर गेली होती, आणि ती गाडी बनायची बंद होऊन चाळीस वर्षं झालेली. भंगाराचे सगळे बाजार पालथे घातले, हाती धुपाटणंसुद्धा आलं नाही.

शेवटी एका भंगारवाल्याने पत्ता आणि फोन नंबर दिला. "तसलीच गाडी एका घरामागे ताडपत्रीखाली उभी आहे. मी तीनदा गेलो. ते गृहस्थ तोंडावर दार लावतात."

मी फोन केला तो त्यांच्या बायकोने उचलला. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "रविवारी या. मी त्यांच्याशी बोलते."

रविवारी त्या फाटकातच उभ्या होत्या. साठीच्या असतील. मी हत्यारांची पेटी खाली ठेवली.

"आत जायच्या आधी ऐका," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "त्या गाडीत माझा भाऊ गेला. बावीस वर्षं झाली. हे चालवत होते, तो शेजारी होता. उतारावरचं वळण चुकलं आणि गाडी त्याच्या बाजूने पुलाच्या कठड्यावर आदळली. यांनी सांगितलं, ब्रेक लागला नाही. माझ्या आईला ते पटलं नाही. मी विश्वास ठेवला. त्या एका वाक्यावर मी माहेर सोडलंय."

मी पेटी उचलायला वाकलो, तेवढ्यात त्या पुढे म्हणाल्या,

"ते तुम्हाला ब्रेक बघायला लावतील. काहीही दिसलं तरी ब्रेकच गेला होता म्हणा. एवढं कराल?"

मी मान हलवली. खरं सांगायचं तर माझं अर्धं लक्ष क्रँककडे होतं.

गृहस्थ मागच्या अंगणात ताडपत्रीच्या दोऱ्या सोडत होते. उंच, वाकलेले, कमी बोलणारे. गाडीची एक बाजू चेपून आत गेली होती. इंजिनाला मात्र धक्का लागला नव्हता. गंजलेले बोल्ट सुटायला दुपार झाली. ते माझ्याबरोबर राबले. मी मागायच्या आधी हातात नेमका पाना यायचा. चेनपुलीने इंजिन वर घेतलं, फळीवर उतरवलं, खालचं झाकण काढलं. क्रँक तेलात जसाच्या तसा होता. मी माप घेतलं. बरोबर. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला, आणि तो माझ्या तोंडावर दिसला असणार, कारण ते दुसरीकडे बघायला लागले.

मग म्हणाले, "आता जरा ब्रेक बघता का?"

मी पुढचं चाक काढलं. ब्रेकचं रबर बोटांनी चुरडलं तर त्याची पूड झाली. नळीत तेलाचा थेंब नव्हता. बावीस वर्षं उभ्या गाडीचं हे असंच होतं. तेव्हा ब्रेक चांगला होता की वाईट, कुणाच्या बापालाही सांगता आलं नसतं.

"ब्रेकच गेला होता," मी म्हणालो.

ते फडक्याला हात पुसत राहिले. "तिने सांगितलं ना तुम्हाला, असं म्हणायला?"

मी खाली बघितलं.

"मेहुणा एका लग्नातली गंमत सांगत होता," ते म्हणाले. "मी हसत होतो. हसत त्याच्याकडे बघत होतो. ब्रेकवर पाय दिला की नाही, मला आठवतच नाही. दवाखान्यात सगळे विचारायला लागले तेव्हा तोंडातून निघून गेलं, ब्रेक लागला नाही. आणि ती लगेच माझ्या बाजूला येऊन उभी राहिली. मग परत कसं फिरायचं?"

दोघांनी मिळून क्रँक उचलून माझ्या टेम्पोत ठेवला. बाईंनी तो गुंडाळायला एक जुनी चादर आणून दिली. नवऱ्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि आत गेल्या.

दोन महिन्यांनी डॉक्टरांची गाडी सुरू झाली. डॉक्टर लहान पोरासारखे टाळ्या वाजवत होते. मला वाटलं, त्या घरी कळवावं. फोन गृहस्थांनी उचलला.

"गाडी चालू झाली," मी म्हणालो. "ताईंनाही सांगा."

"ती इथे नाही. आईकडे गेलीय." मग म्हणाले, "तुम्ही गेलात त्या संध्याकाळी मी तिला सांगून टाकलं. दुसऱ्या दिवशी माझा स्वयंपाक करून झाकून ठेवला आणि निघाली."

"येतील परत," मी म्हणालो.

"आई पंच्याऐंशीची आहे. आधी तिने दारच उघडलं नाही म्हणे. ही ओट्यावर बसून राहिली. शेवटी शेजारणीने मध्यस्थी केली. आता हीच आईचं सगळं करते. आई मात्र अजून हिच्याशी एक शब्द बोलत नाही."

"आणि ताई तुमच्याशी बोलतात?"

"आठवड्याला फोन करते. औषध घेतलं का विचारते. मी घेतलं म्हणतो. मग ती फोन ठेवते."

मी पुन्हा काहीतरी धीराचं बोलायला गेलो, पण त्यांनी मला अडवलं. "असू दे. राहिलेली गाडी कुणाला हवी असेल तर सांगा. फाटक उघडंच असतं."