धक्क्यावरची दाढी

ओरिओलला धक्क्यावर बसवायला एक कोळी हवा होता, आणि तोही पांढऱ्या दाढीचा. गावात मासेमारी नावालाच उरली होती. होड्या आता पाहुण्यांना खाडीत फिरवून आणायच्या. पण पाहुण्यांना जाळं सांधणारा म्हातारा बघायचा असतो, असं या पर्यटनवाल्याचं ठाम मत. म्हणून त्याने गावातल्या म्हाताऱ्या बाल्दिरीला पाइनच्या सावलीत खुर्ची दिली, नेमकी तेक्लाच्या जागेवर.

बाल्दिरीच्या बायकोला, तेक्लाला, हसावं की रडावं कळेना. या किनाऱ्यावर पुरुषांनी जाळी फाडायची आणि बायकांनी सांधायची. लग्न झाल्यापासून ती तिथे बसत आली होती, शेजारी मैत्रीण असुंप्ता, आणि दोघींच्या तोंडाला सुईपेक्षा जास्त वेग. नवऱ्याने उभ्या जन्मात सुई धरली नव्हती. आता तो सकाळभर मिरवायचा आणि दुपारी गाव झोपलं की ती खिडक्या लावून त्याने केलेला गुंता सोडवायची. लोकांना कळलं तर बिचाऱ्याची शोभा होईल, म्हणून गप्प. पण मोकळ्या वाऱ्यावर बसून मारलेल्या गप्पांची इतकी आठवण यायची की तिचे डोळे भरून येत.

एक दिवस जाहिरातीसाठी कॅमेरावाले आले.

"आजोबा, हात जरा जवळून दाखवा," ओरिओल म्हणाला.

बाल्दिरीला चेव आला. त्याने भराभर टाके घातले आणि ऐटीत उठला, तर अख्खं जाळं त्याच्याबरोबर उठलं. बुडाखाली आलेलं जाळं पठ्ठ्याने स्वतःच्याच पँटला शिवलं होतं!

"तेक्ला! अगं, धाव!"

समोरच्या घरातून ती कात्री घेऊन आली. "मेल्या, मासा नाही मिळाला म्हणून स्वतःलाच पकडलंस?"

जाळं सुटलं, पण पँटची मागची बाजू त्यातच राहिली. बाल्दिरीने मागे टोपी धरली आणि भिंतीला पाठ टेकवली.

"आजी, बाजूला व्हा," ओरिओल कुरकुरला. "आजोबांना बसू द्या."

"मी नाही बसत," बाल्दिरी लालबुंद होत म्हणाला. "मला यातलं ओ की ठो कळत नाही. रोज हीच उसवते, हीच सांधते. बस गं, जागा तुझी आहे."

धक्का खदखदून हसला. तेक्लाला मात्र नवऱ्याचा भारी अभिमान वाटला.

"आणि दाढी?" ओरिओल रडकुंडीला आला.

"दाढी राहील मागे उभी," ती बसत म्हणाली. "आज काही तो भिंत सोडत नाही."

सुई चालू लागली, तशी असुंप्ता कुणी न बोलावता आपली खुर्ची घेऊन आली. "सरक जरा. कुठे उलथली होतीस इतके दिवस? सांगायचं केवढं साठलंय!"

तेक्ला सरकली. आनंदाने तिचा टाका चुकला. दोघींचं बोलणं दिवस कलला तरी संपेना, आणि मधेच तोंड घालून पँट शिवून मागायची बाल्दिरीची छाती झाली नाही.