चढली म्हणजे बसली नव्हे

सांगून ठेवते, मी "चढली" म्हणाले होते. "बसली" नाही. आमच्या गॅरेजात या दोन शब्दांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि तो बाबांनीच घालून दिलाय. नट आवळले की चाक चढलं. मग गाडी जॅकवरून खाली घ्यायची, स्टिअरिंग दोन्हीकडे शेवटपर्यंत फिरवायचं, मागे दोन माणसं बसवून गाडी दाबून बघायची. टायर कुठेच घासलं नाही, तर ते बसलं. पंधरा वर्षं मी चाकांचं काम करतेय. माझ्या तोंडून एकदाही चुकीचा शब्द गेलेला नाही.

गाडी दातांच्या डॉक्टरांची. जुनी, दोन दारांची, लांबलचक बॉनेटची. इंजिन एवढं दांडगं की चालू केलं की ऑफिसातले कप थरथरतात. डॉक्टरांना हौस आली, चाकं दोन इंच मोठी हवीत आणि टायर रुंद. मी आधीच म्हटलं होतं की पुढे मडगार्डला घासतील. त्यावर दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, म्हणाला, "तू लाव गं, गिऱ्हाइकाला कशाला घाबरवतेस?" त्यानं पान्याला हात लावून सात वर्षं झाली. हल्ली तो ऑफिसात बसून गोड बोलतो, तेवढंच त्याचं काम.

चौथं चाक आवळून मी ओरडले, "चारही चढली! मडगार्डची कड घासून कमी करावी लागेल, ग्राइंडर आणते." आणि मागच्या खोलीत गेले. येऊन बघते तर गाडीच नाही! दादानं ती खाली घेतली, किल्ली दिली, आणि डॉक्टर बायकोला घेऊन गेलेसुद्धा. मी रस्त्यापर्यंत धावले. काय उपयोग?

पहिल्याच वळणावर टायर मडगार्डच्या कडेत अडकून फाटलं आणि गाडी दिव्याच्या खांबावर आदळली. डॉक्टरांच्या बायकोचं मनगट मोडलं. गाडी संध्याकाळी ओढून आमच्याकडेच आणली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं आली. बाईंचा हात गळ्यात बांधलेला. डॉक्टरांनी सरळ विचारलं, "काम कुणी केलं?" आणि माझा सख्खा भाऊ म्हणतो कसा, "हिनंच, साहेब. बसली म्हणून सांगितलं, मी विश्वास ठेवला. आजपासून हिला चाकांना हात लावू देणार नाही."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मला हात लावू देणार नाही! या गॅरेजात!

"दादा, जिभेला काही हाड आहे का तुझ्या? मी चढली म्हणाले!"

"अगं, तेच ते. शब्द काय धरून बसलीस?"

"तेच ते? यांचा हात मोडलाय आणि तेच ते?"

डॉक्टर माझ्याकडे असे बघत होते की आता हे गावभर माझं नाव सांगणार. मी बाबांकडे वळले. काल ते दादाच्या शेजारच्या खुर्चीतच बसलेले होते, आणि त्यांचे कान अजून ठणठणीत आहेत. "बाबा, तुम्ही सांगा."

बाबा खाली बघत म्हणाले, "चढलीच म्हणाली ती. मला नीट ऐकू आलं."

मी दादाकडे बघितलं. पण बाबांचं बोलणं संपलं नव्हतं.

"यानं मला विचारलं, खाली घेऊ का? डॉक्टरांना घाई होती. मीच म्हटलं, घे. पोरगी उगाच फाटे फोडते."

उगाच फाटे फोडते! मला रडू फुटलं, आणि ते निव्वळ रागानं. दादाचं सोडा, तो पहिल्यापासून तसाच. पण ज्या माणसानं हे मला हात धरून शिकवलं, त्यानं काल माझं ऐकून न ऐकल्यासारखं केलं, आणि आज परक्या माणसांसमोर माझी अब्रू निघत असताना मी विचारेपर्यंत तोंड उघडलं नाही. दादावरचा राग मला पेलत होता. हा कुठे ठेवू?

"झालं ते झालं," बाबा म्हणाले. "ती चाकं उतरव, जुनी घाल."

"उतरवते," मी म्हटलं. "आधी उठा आणि या बाईंची माफी मागा. माझी नंतर मागा, पण मागा."

"अगं, बाबांना काय बोलतेस?" दादा म्हणाला. मी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

बाबांनी खुर्चीचे हात धरले आणि ते उठले.