चिंधीची जाळी

काय खाल्लं होतं, असं डॉक्टरीणबाईंनी दुसऱ्यांदा विचारलं, तेव्हा तिने आधी नवऱ्याकडे बघितलं आणि मग सांगितलं, "करवंदं. ओंजळभर." तोंड आतून सोलून निघालं होतं, तरी ती दवाखान्याच्या पलंगावर उठून बसली होती आणि आपली उशी शेजारच्या म्हातारीला देऊनही झाली होती.

"कुठली?" नवऱ्याने विचारलं. त्याला सगळे तारवालाच म्हणत.

"चिंधीच्या जाळीची."

त्याला हायसं वाटलं. त्या जाळीवर औषधाचा थेंबही पडला नव्हता, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? पण तिचं बोलणं संपलं नव्हतं.

"आपली नाही हो, ओढ्याकडची. तिथेही चिंधी बांधलीत ना तुम्ही? म्हटलं, यंदा माझ्यासाठी दुसरीही राखली."

तारवाल्याने पलंगाची कड घट्ट धरली. औषधाचं नाव त्याने बाईंना सांगितलं, पण ते कुणाच्या हातचं, हे मात्र त्याच्या तोंडून निघेना.

विजेच्या मोठ्या तारांखाली झुडपं माजू द्यायची नाहीत, हे त्याचं काम. आधी कोयत्याने तोडायचा, पुढे झुडपं मारायच्या औषधाचा पंप पाठीवर आला. औषध मारलेलं झुडूप पुढचे दोन-चार दिवस हिरवंगार दिसतं आणि फळंही तशीच टपोरी असतात. म्हणून फळ धरलेल्या झुडपाला औषध मारलं की लाल चिंधी बांधायची, असा मुकादमाचा नियम होता. येणाऱ्याजाणाऱ्याने फळ तोंडात टाकू नये आणि दुसऱ्या पंपवाल्याने औषध वाया घालवू नये. चिंध्या बायकोच फाडून द्यायची, जुन्या लाल चादरीच्या.

चढावर तारांच्या एका मनोऱ्याखाली करवंदाची जुनी जाळी होती आणि तिच्यात बायकोचा जीव होता. माणसाने माहेरी फेरी मारावी तशी ती तिथे जाऊन यायची. थंडी सरता सरता बातमी आणायची की फुलली, पांढरीशुभ्र, वासाने डोकं भरून गेलं. मग हिरवी फळं, तोडली की बोटाला चीक. "अजून कच्ची आहेत, डोळे लावून बसू नका," असं त्यालाच बजावायची, जणू तोच टपून बसला होता. मग एक बाजू तांबूस व्हायची आणि उन्हाळा चांगला तापला की सगळी जाळी काळी. पावसाळ्यात नुसती पानं, तरीही जायची. आता तिथे काय बघतेस, म्हटलं तर म्हणायची, "तुम्ही काय बघता माझ्यात रोज?" लेकरू नव्हतं त्या घरात, जाळी होती.

पंप आला त्या साली तो जाळीपुढे उभा राहिला आणि त्याचा हात काही चालेना. शेवटी औषध न मारताच त्याने चिंधी बांधली. दुसरा कुणी जाळीजवळ फिरकला नाही. सापही मेला आणि काठीही मोडली नाही, म्हणून दोघं घरी पोट धरधरून हसली. तेव्हापासून साऱ्या रानात चिंधीचा अर्थ विष होता आणि त्या एका घरात करवंदं. चिंधी बांधली की झाड राखलं जातं, एवढंच तिला ठाऊक होतं; बाकीच्या चिंध्या विष मारलेल्या झुडपांच्या असतात, हे तिला सांगायला हवं, असं त्याच्या मनातही आलं नाही. ती कधी ओढ्याकडे जायचीच नाही. यंदा बहिणीकडून येताना वाट बदलली, एवढंच.

डॉक्टरीणबाईंनी त्याला बाहेर बोलावलं. "आता दोन-चार दिवस त्या बऱ्या दिसतील. बोलतील, हसतील. घरच्यांना वाटतं, उतार पडला. तसं समजू नका. याने फुप्फुसं जातात, हळूहळू."

ती खरंच बोलली, हसलीही. उलट त्यालाच धीर देत राहिली, की वाऱ्याने कुठूनतरी उडालं असेल औषध, तुम्ही काय करणार. तो मान खाली घालून ऐकायचा. खरं सांगावं तर तिच्या हातात काय उरणार होतं? न सांगावं तर आतून जाळ होत होता. श्वास अडायला लागला त्या दिवशी तिने त्याचा हात ओढला.

"ती... माझ्यासाठीच राखली होती ना?"

"हो," तो म्हणाला. "तुझ्याशिवाय कुणासाठी राखणार?"

तिचं समाधान झालं. दुसऱ्या दिवशी ती गेली.

दिवसकार्य उरकल्यावर मेहुणी निघताना म्हणाली, "भाऊजी, ताई सांगायची, चिंधीचं झाड दिसलं की खुशाल खा, भाऊजींनी राखलेलं असतं. आमच्या पोरांनाही सांगून ठेवलं होतं तिने." तारवाल्याने निघालेल्या मेहुणीला परत समोर बसवून सगळं सांगितलं. ती रडली नाही. पुन्हा त्या घरी आलीही नाही.

थंडी सरली, जाळी फुलली. बातमी आणायला कुणी नव्हतं, म्हणून तोच जाऊन बघून यायचा. हिरवी झाली, तांबूस झाली. काळी झाली तेव्हा पंप घेऊन गडी चढावर आले. जुनी चिंधी उन्हाने फिकी पडली होती, पण गाठ बायकोने शिकवलेली, पक्की. ती सोडवायला त्याला वेळ लागला.

नवा पंपवाला म्हणाला, "काका, ही राहिलीय वाटतं. मी मारू?"

"नको," तो म्हणाला. "ही माझी आहे."

त्याने बुंध्यापासून शेंड्यापर्यंत एकेक फांदी भिजवली. मग खिशातून लाल चिंधी काढली. तिने फाडून ठेवलेल्यांतली ती शेवटची होती. ती त्याने बांधली, गाठ दोनदा ओढून बघितली, आणि पंप उचलून पुढच्या मनोऱ्याकडे निघाला. मागे जाळी हिरवीगार उभी होती. अजून दोन-चार दिवस ती तशीच दिसणार होती.